लंगडीच्या दहा उड्या

रविवार, ७ डिसेंबर, दुपार

बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. रोजनिशी मी त्याच्याही आधीपासून लिहिते, तिच्यात तुमचा उल्लेख बरेचदा येतो, पण तुमच्याशी बोलल्यासारखं एक पानही मी कधी लिहिलं नाही. फार उशीर केला, माफ करा. वेळ नव्हता असं म्हणणार नाही, कारण वेळ होता. काल दवाखान्यात एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. ते उत्तर खरं तर तिच्याआधी तुम्हाला द्यायला हवं होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या शाळेच्या मैदानावर, पाण्याच्या टाकीजवळ, सिमेंटचा एक ओटा होता. सरावाच्या आधी तुम्ही आम्हा सात-आठ मुलींना त्याच्यावर रांगेत उभं करता. आधी उजव्या पायावर लंगडीच्या दहा उड्या, मग डाव्या पायावर दहा. मोजायचं आमचं आम्ही, कारण तुमचं लक्ष आमच्या तोंडांकडे असतं. एकीने तुम्हाला विचारलं होतं की बाई, दुखेल तर पाय दुखेल, तोंडाकडे काय बघता? तुम्ही म्हणालात, "पाय सगळ्यांचे सारखेच दिसतात गं. तोंडं बघते मी." जिच्या कपाळाला आठी पडली तिने त्या दिवशी धावायचं नाही, कडेला बसून बाकीच्यांच्या फेऱ्या मोजायच्या. कुरकुर चालायची नाही. त्या काळी खेळाडूंच्या दुखण्यासाठी वेगळं कुणी असतं हे आमच्या गावीही नव्हतं. आई तेल कोमट करून चोळायची, फारच झालं तर पंचवटीत एक हाड बसवणारे होते त्यांच्याकडे न्यायचे. आज हीच लंगडी मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक धावपटूला घालायला लावते. तिला आता इंग्रजी नाव आहे आणि तपासणीच्या कागदावर तिच्यासाठी एक चौकट छापलेली असते.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी आठवीत होते, घोटा मुरगळला होता आणि तुम्ही विचारल्यावर मी "काही नाही" म्हणाले. तुम्ही मला रांगेतून बाहेर काढलंत. "काही नाही हे उत्तर मला द्यायचं नाही. दुखतं किंवा दुखत नाही, दोनच उत्तरं आहेत. तिसरं घरी पाहुण्यांना दे," असं सगळ्यांसमोर म्हणालात. मुली हसल्या. मला तेव्हा अपमान वाटला. तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घोट्याला बांधायची पट्टी आणलीत आणि ती कशी गुंडाळायची ते दोनदा दाखवलंत, तरी माझा राग आठवडाभर टिकला.

नववीच्या हिवाळ्यात नडगी दुखायला लागली. जिल्ह्याची शर्यत तीन आठवड्यांवर होती. सुरुवातीला धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना, मग सकाळी अंथरुणातून उठतानाच. आमच्या घरात लोखंडी कपाटाला आरसा होता. आई पाण्याला गेली की मी त्याच्यासमोर लंगडी घालायचे. तिसऱ्या उडीला माझे ओठ आपोआप मिटतात हे मला आरशात दिसलं. मग मी मोठ्याने मोजायला लागले, कारण आकडा म्हणायचा तर ओठ उघडावेच लागतात. पाचला जरासं हसायचं, आठला इकडेतिकडे बघायचं. चार दिवसांत मला ते साधलं. ओट्यावर तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे बघून मोजत होते. दहा झाले, तुम्ही पुढच्या मुलीकडे वळलात. असं सलग दोन आठवडे चाललं. का केलं याचं मोठं कारण शोधायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. बाबा ठेकेदाराकडे कामाला होते, घरात ओढाताण होती, हे सगळं खरं आहे. पण त्यातलं काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मला पहिलं यायचं होतं, एवढंच होतं.

शर्यतीत शेवटच्या वळणावर पाय मोडला. हाड मोडल्याचा आवाज आला का, असं लोक विचारतात आणि मी हो म्हणते. खरं म्हणजे मला ते आठवत नाही. तुम्ही धावत आलात आणि तुमची ओढणी सोडून माझ्या पायाला लाकडी पट्टीबरोबर बांधलीत, हे मात्र आठवतं.

चौथ्या दिवशी तुम्ही घरी आलात. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एकाच खोलीचा मागचा भाग. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही उंबऱ्याजवळ सतरंजीवर बसला आहात, मी भिंतीला टेकून, प्लास्टरचा पाय गोधडीच्या घडीवर ठेवून. आईने तुम्हाला पाणी दिलं, पण चहा ठेवला नाही. तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुमच्या शाळेला ढाल मिळाली असती, बाई. आम्हाला काय मिळालं? पोर लंगडत चालली तर उद्या तिला कोण करंल?" तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. रोज तोंडाकडे बघते म्हणते, आणि मला दिसलं नाही." आई आणखी बरंच बोलली. तुम्ही ऐकून घेतलंत. मी तुमच्यापासून चार हातांवर होते आणि मी गप्प बसले. तुम्ही दोनदा माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं का, हे मी आजही ठरवू शकत नाही. कळलं होतं असं धरलं तर मला बरं वाटतं, म्हणूनच तसं धरायची मला भीती वाटते.

पुढच्या जूनपासून तुम्ही धावण्याचा संघ सोडलात. भूगोल शिकवायचात, कवायत घ्यायचात, पण ओट्यावर मुलींची रांग पुन्हा लावली नाहीत. नव्या सरांना असल्या गोष्टींत रस नव्हता. माझ्या मागच्या वर्गातल्या दोघींनी दुखण्यामुळे धावणं सोडलं. त्या दोघी रांगेत सापडल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.

गंगापूर रोडवर मी फिजिओथेरपीचा दवाखाना उघडला त्या दिवशी तुम्ही रिक्षातून एक सागवानी पाट घेऊन आलात. सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता, बरोबर आठ इंच उंचीचा, पायरी चढउताराच्या व्यायामासाठी. पेढा हातात घेऊन तुम्ही माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "हिचा पाय माझ्या नजरेतून सुटला, म्हणून ही या धंद्यात आली." सगळे हसले. मीही हसले आणि पेढ्यांचं ताट घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे गेले. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, चार माणसांत सांगायला अवघड वाटलं असेल तर तुम्हाला जिना उतरवून देताना सांगता आलं असतं. जिन्यात आपण तुमच्या गुडघ्याबद्दल बोललो.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. शाळांमध्ये, प्रशिक्षकांच्या शिबिरांत, पालकांसमोर मला बोलवतात. दुखापत होऊ नये म्हणून काय करावं ते मी सांगते: सराव हळूहळू वाढवा, आठवड्यात एक दिवस सुट्टी द्या, मुली पोटभर जेवतात की नाही बघा, पाळी चुकत असेल तर विचारा. आणि सुरुवातीला माझी गोष्ट सांगते. माझ्या शिक्षिका चांगल्या होत्या, पण त्यांना माझं दुखणं दिसलं नाही. लोक मान हलवतात, पुढच्या रांगेतले सर टिपून घेतात. गेली सतरा वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. तुम्ही हयात असतानाही सांगत होते.

काल एक प्रशिक्षक त्यांच्या सहा मुलींना घेऊन आले. निवड चाचणी बारा दिवसांवर आहे, तोवर सगळ्या तपासून द्या म्हणाले. माणूस सरळ आहे, मुलींना ओरडतो कमी आणि पाणी पाजतो जास्त. मुलींची तपासणी मी एकेकीला आत घेऊन करते, ते बाहेर बाकावर बसून होते. पाचवी मुलगी पेठ तालुक्यातली, एकोणीस वर्षांची, हॉस्टेलवर राहते. निवड झाली तर तिचं हॉस्टेल आणखी दोन वर्षं टिकेल, नाही झाली तर गावी परत. हे तिनेच बूट काढता काढता सांगितलं. उजवी नडगी जरा भरून येते म्हणाली. कुठे, असं विचारल्यावर तिने सगळा तळहात नडगीवरून फिरवला. स्नायू आणि हाडाची कडा नुसती थकलेली असेल तर दुखणं असं पसरलेलं असतं. हाडाला बारीक तडा जात असेल तर मुली एका बोटाने जागा दाखवतात. तळहाताने दाखवलं की मॅडम सोडतात, हे हॉस्टेलमध्ये एकमेकींना सांगितलेलं असतं, ते मला ठाऊक आहे. मी तिला लंगडी घालायला सांगितली. तिने खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली. पाचला हसली.

मी तिला बसवलं आणि नडगीच्या हाडावरून अंगठा वर नेत गेले. एका जागी तिच्या पायाची बोटं मुडपली.

"नाय दुखत, मॅडम," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आधीच. मग हळू आवाजात, "बारा दिवस तर हायेत. नंतर महिनाभर बसंन. सरांना नका सांगू."

मी तिला समजावलं की आता थांबली तर दीड-दोन महिन्यांत धावेल, मोडलं तर वर्ष जाईल. ती खाली बघून ऐकत होती. मग मी नेहमीची गोष्ट काढली, माझ्या बाईंची, त्यांना दिसलं नाही ती.

तिने वर बघितलं. "त्यांना दिसलं नाय, का तुम्ही दिसू दिलं नाय?"

चेष्टेने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण ती त्या क्षणी तेच करत होती. सतरा वर्षांत हा प्रश्न एकाही सरांनी, एकाही पालकाने मला विचारला नव्हता. मी टेबलाशी गेले, हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, एमआरआय करून घे म्हणाले आणि तोवर धावायचं नाही असं सांगितलं. तिने मान डोलावली, चिठ्ठी बॅगेत टाकली. अशी मान का डोलावतात, ते मला माहीत आहे. सरांच्या कागदावर तिच्या नावापुढची चौकट मी कोरी ठेवली आणि एक तपासणी बाकी आहे म्हणाले. तिच्या संमतीशिवाय तिच्या सरांना सांगणं बरोबर नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण काल मी नियमामागे उभी राहिले ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, याची मला खात्री नाही. तिला धावण्यापासून थांबवू शकेल असं एकच उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं नाही. आज रविवार, त्यांची सुट्टी असते. उद्या सहाला त्यांचा सराव सुरू होतो.

बाई, मी मोठ्याने मोजत होते. तुमची नजर चुकली नव्हती.

हे पान कुठे पाठवायचं नाही. आणि एक सांगते, तुम्ही असतात तर हे मी लिहिलं नसतं. तुम्ही एकलहऱ्यातच राहत होतात, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि मी दिवाळीला येऊन फराळ देऊन जायचे.

उद्या: साडेपाचला मैदानावर. तिने बूट घालायच्या आत, आधी माझं सांगायचं.