सत्तावीस नंबरच्या भिंतीतला कापूस

दम्माम,
शनिवार, ४ जानेवारी २०२५

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. मी खुशाल आहे. तुम्ही आणि अम्मी खुशाल असाल अशी दुवा करते. इथे थंडी पडली आहे. हसू नका, खरंच पडली आहे. दोन स्वेटर घालून लिहायला बसले आहे.

आपल्या गावचे शारीकभाई सोमवारी सुट्टीवर निघालेत. त्यांच्या हाती हे पत्र, अम्मीच्या गुडघ्यांचं मलम आणि दोन किलो खजूर पाठवते आहे. खजुराला हात लावण्याआधी साखर तपासून घ्या. आणि फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नका. फोन केला की अम्मी म्हणते, ‘अब्बा नमाजला गेलेत.’ तीन वर्षं झाली. एवढी लांब नमाज कुठल्या मशिदीत होते ते मलाही कळू दे एकदा! पत्र मात्र तुम्ही वाचाल. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता.

तर माझ्या कामाचं सांगते. तुमच्याच जुन्या कंपनीच्या कॅम्पात झाडांच्या रांगेमागे ती बेचाळीस लाकडी घरं आहेत ना, त्यांची तपासणी आमच्या ऑफिसकडे आली आहे. त्यातली पहिली अमेरिकेहून पेट्यांत भरून आली होती, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण इथल्या नव्या लोकांना पटतच नाही. छापील कॅटलॉगातून घर निवडायचं, पत्राने मागवायचं, की खांब, फळ्या, दारं, अगदी खिळेसुद्धा मोजून, कापून, नंबर घालून हजर! आपण टपालाने पुस्तक मागवतो तसं घर. पुढे जागा कमी पडली तेव्हा त्यांच्यासारखीच दिसणारी घरं इथल्या इथे बांधली. बाहेरून सगळी सारखीच. त्यातली खरी कॅटलॉगची कुठली, हे ओळखायचं काम माझं. खऱ्यांपैकी सहा राखणार, बाकीची ईदनंतर पाडणार.

ओळखायचं कसं, तर टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर सरपटायचं आणि तुळईच्या कडेला शाईचा शिक्का शोधायचा. मग खोल्यांची मापं घेऊन कॅटलॉगच्या पानाशी ताडून बघायची. एका माळ्यावर मांजर व्यालेलं होतं. ते अंगावर असं फिस्कारलं की मी शिडी सोडून थेट खाली! आमचे मुख्य इंजिनीअर हम्माद, हफूफकडचे, खाली उभे राहून ‘यल्ला, झेबा, यल्ला’ अशी घाई करत होते. मदतीला एक पाऊल पुढे येतील तर शपथ.

बहुतेक घरांत दुरुस्त्या होऊन होऊन निम्मे नंबर नाहीसे झालेत. जुनी फळी गेली की तिचा नंबरही गेला. पण सत्तावीस नंबरचं घर बघितलं आणि मी वेडीच झाले. भिंतीतल्या एकूण एक फळीच्या टोकाला, कोपऱ्याच्या पट्टीखाली नंबर, तोही बहुतेक ठिकाणी पटाशीने कोरून काळा रंग भरलेला. मी अहवालात ठणकावून लिहिलं की कारखान्यातच कोरलेले हे आकडे अत्यंत दुर्मीळ आहेत. मीटिंगमध्ये फोटो दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अब्बा! सत्तावीस यादीत पहिलं आलं.

मग गेल्या आठवड्यात धुळीचं वादळ झालं. सगळ्या घरांत बोटभर माती, आणि सत्तावीसमध्ये काही नाही. हम्माद म्हणाले, ‘म्हणून तर मी चहा इथेच पितो, इथल्या चहात वाळू येत नाही.’ मला राहवेना. उत्तरेकडच्या भिंतीची आतली फळी सोडवली. बाहेरच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोसलेला होता. तेलात भिजवून, पीळ देऊन, होडीच्या फळ्यांत ठोसतात तसा. अमेरिकेतला कुठला कारखाना होडीसारखं घर बुजवून देईल? आपल्या मागच्या खोलीच्या खिडकीला तुम्ही असाच कापूस भरलात, तेव्हा तेलाची वाटी मी धरली होती. वास तोच. मी तिथेच जमिनीवर बसले.

बसल्या बसल्या तुम्ही सांगायचात ती होडीवाल्यांची रीतही आठवली. फळी बदलली की जुनीची खूण नवीवर कोरायची, म्हणजे पुढच्या सुताराला तिची जागा कळते. अब्बा, ते नंबर तुम्ही कोरलेत ना?

आता माझी पंचाईत ऐका. खरं लिहिलं तर सत्तावीस यादीतून जाणार आणि ईदनंतर त्याच्यावर यंत्र चालणार. शिवाय टाळ्या घेतलेली बाई सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. गप्प बसले तर घर वाचेल, पण खोट्या कागदावर माझी सही राहील. अहवाल तीस तारखेला द्यायचा आहे. काम तुमचं का, आणि किती फळ्या तुमच्या, तेवढं कळवा. शारीकभाई वीस तारखेला परत येतील.

आणखी एक आहे. ते लिहायचं टाळत टाळत एवढी पानं भरली. मी इथे यायला निघाले त्या सकाळी तुम्ही म्हणालात, ‘मी चौतीस वर्षं तिथे काढली ती तुला तिकडे जावं लागू नये म्हणून.’ आणि मी म्हणाले, ‘चौतीस वर्षं लोकांच्या दारांच्या बिजागऱ्याच बदलल्यात ना? आमच्या दारात कधी होतात?’ तुम्ही उठून आत गेलात. मला सोडायलाही आला नाहीत. माझी गाडी वळेपर्यंत मी दाराकडे बघत होते.

मी फार वाईट बोलले, अब्बा. त्या भिंतीपुढे बसून माझी मलाच लाज वाटली. मला माफ करा.

तुमची तोंडाळ मुलगी,
झेबा


बाणकोट,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. झेबास वहाबची दुवा.

पत्र पोचलं. खजूर चार खाल्ले, साखर नंतर तपासली. मलमाने तुझ्या अम्मीला उतार आहे, पण ती कबूल करत नाही.

सत्तावीसचं काम माझंच. साल १९९२. वाळवीने भिंती भुसा करून टाकल्या होत्या. अमेरिकेहून फळ्या मागवायच्या तर सात-आठ महिने जाणार. फोरमन म्हणाला, तूच कर. बाहेरच्या भिंतींच्या एकंदर फळ्या एकशे चौऱ्याऐंशी, त्यातल्या एकशे एकसष्ट माझ्या. छप्पर, जमीन, दारं-खिडक्या अमेरिकेच्या. कापूस सगळा माझा. हे आकडे डोक्यात पक्के आहेत, निःशंक लिही.

नंबर कोरले त्यात कोणाला फसवायचा विचार नव्हता. तशी रीत आहे म्हणून कोरले. ‘कारखान्यातच कोरलेले अत्यंत दुर्मीळ आकडे’ हे वाचून मी आणि तुझी अम्मी पोट धरून हसलो. एवढी शिकलीस आणि पटाशीचा हात ओळखता येईना? यंत्राचा घाव सगळीकडे एकाच खोलीचा जातो. माझा जागोजागी कमीजास्त आहे, बघ जाऊन.

कापूस का भरला तेही सांगतो. त्या घरात एक अमेरिकन मॅडम राहायची, शाळेत शिकवायची. तिची मुलगी तीन वर्षांची, दम्याची. धूळ उठली की पोर निळी पडायची. जुन्या फळ्या काढल्या आणि नेमकी माझी सुट्टी मंजूर झाली. तुझ्या अम्मीचे दिवस भरत आले होते. फोरमन म्हणाला, जायचं तर जा, आल्यावर भिंत पुरी कर. म्हणजे दोन महिने वर नुसती ताडपत्री. मी तिकीट परत केलं. तू जन्मलीस त्या दिवशी मी उत्तरेकडच्या भिंतीत कापूस ठोसत होतो. तार चार दिवसांनी मिळाली.

सुट्टी नामंजूर झाली असं मी तेव्हा घरी कळवलं होतं. बत्तीस वर्षं तेच चालवलं. परवा तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवताना खरं सांगून टाकलं. दोन दिवस मला कोणी चहा विचारला नाही.

तू त्या सकाळी बोललीस ते काही खोटं नव्हतं. मला उत्तर नव्हतं म्हणून मी आत गेलो. रागावलो नव्हतो. तुझ्याशी बोलायचं तर हे सांगावं लागणार, आणि सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून फोनवर आलो नाही. दुसऱ्याच्या लेकराला श्वास मिळावा म्हणून स्वतःचं लेकरू बघायला गेलो नाही, हे बरोबर का चूक ते मला अजून कळलेलं नाही. माफी मागायची तर मी मागायला हवी.

अहवालात खरंच लिही. घर पडलं तर पडू दे. ती मुलगी त्यात चांगली सहा वर्षं राहिली, घराचं काम झालं. तुझी सही मात्र खरी पाहिजे.

अम्मीने सोडे बांधून दिलेत. शारीकला पिशवीचं तोंड घट्ट बांधायला सांगितलं आहे.

तुझा अब्बा,
वहाब


दम्माम,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. सोडे पोचले. पिशवीचं तोंड घट्ट नव्हतं. शारीकभाईंच्या नव्या शर्टांना आता बाणकोटच्या बंदराचा वास येतो आणि ते मला दिसतील तिथे टोमणे मारतात. काल मी सोड्यांचं कालवण करून त्यांना जेवायला बोलावलं, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली.

तुमचं पत्र मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. खरं सांगू? आधी मला रागच आला. तुमचा आला आणि त्या न बघितलेल्या पोरीचाही आला. चांगली पंधरा मिनिटं मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मग तशीच सत्तावीसमध्ये गेले आणि उत्तरेकडच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. मी जन्मले तेव्हा तुम्ही कुठे होतात हे लहानपणी कितीदा मनात यायचं. आता मला ती जागा बोट ठेवून दाखवता येते. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा खूप विचार केला. अब्बा, मीही तिकीट परत केलं असतं.

नंबरही पुन्हा बघितले. घाव कमीजास्त आहेत. आता दिसतात, तेव्हा दिसले नाहीत, काय करणार!

तीस तारखेला मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हणाले, माझी चूक झाली आहे. बाहेरच्या भिंतींच्या एकशे चौऱ्याऐंशीपैकी एकशे एकसष्ट फळ्या १९९२ सालच्या, सुतार वहाब, मुक्काम बाणकोट, आणि ते माझे वडील. मग ठराव झाला. सत्तावीस यादीतून गेलं, त्याच्या जागी एकोणचाळीस आलं. त्याच्या अर्ध्या तुळयांना नंबर नाहीत आणि चहात वाळू येते, पण ते खरं आहे. मला कोणी रागावलं नाही. नुसतं ‘पुढच्या वेळी जरा जपून’ म्हणाले. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मी खाली मान घालून जिना उतरत होते, तेवढ्यात हम्माद मागून धावत आले. म्हणाले, ‘पाडणार ते घर मी कंपनीकडे मागितलं, त्यांनी होकार दिला. एप्रिलअखेर उचलून न्यायचं आहे. आमच्या हफूफच्या बागेत उभं करणार.’ मी म्हटलं, अहो, घर काय तंबू आहे का उचलायला? तर म्हणाले, ‘बाकीची पस्तीस घरं पाडावीच लागतील, कारण कुठली फळी कुठली ते कोणाला कळणार नाही. हे एकच असं आहे की सोडवून पुन्हा जोडता येईल. प्रत्येक फळीवर तिची जागा लिहिलेली आहे.’

मी त्यांना लगेच चहा पाजला, अब्बा, अर्थात सत्तावीसमध्ये.

फक्त एक अडचण आहे. इथल्या सुतारांनी परवाच एक फळी सोडवायला घेतली आणि कापसात ती अशी घट्ट बसली होती की कड तडकली. नंबर एकशे चौदा. त्यांनी हात जोडले. म्हणाले, ज्याने ठोसलं त्यालाच काढता येईल. म्हणून हम्मादनी तुमच्या आणि अम्मीच्या व्हिजिट व्हिसाचे कागद सुरू केलेत. चौतीस वर्षं कंपनीच्या इकाम्यावर, त्यांच्या परवान्याने राहिलात, या वेळी माझ्या घरी पाहुणे म्हणून राहा. ईद करून लगेच निघा. शिडीवर तुम्हाला चढू देणार नाही, आधीच सांगते. खुर्चीत बसायचं आणि हुकूम सोडायचे.

फोन करा, अब्बा. मी नमाजला गेलेली नसेन.

कामाचा कागद परवा भरला. मुख्य सुताराच्या पुढे तुमचं नाव लिहिलं. मदतनिसाची जागा रिकामी होती. हम्माद म्हणाले, कोणी चांगला माणूस शोधू. मी म्हटलं, शोधायला नको, आणि पेन काढून तिथे माझं नाव घातलं.

तुमच्या हाताखालची,
झेबा