नीराबाईंची खोली

मी, तुळशीराम भिवा राऊत, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी मोंबासा बंदरात लाँचींची इंजिने दुरुस्त करण्याचा, हल्ली वाडीचा, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्यामागे काय व्हावे ते आज लिहून ठेवतो. माझी अक्कल शाबूत आहे आणि कान तर गरजेपेक्षा जास्त शाबूत आहेत, हे घरातली माणसे शपथेवर सांगतील. मला कोणी धाक घातलेला नाही. घालू शकणारी एकच, माझी पत्नी सौ. केसर, तीही "लिवा, लिवा," एवढेच म्हणाली.

१. घर व वाडी मी परदेशच्या कमाईतून घेतली. वडिलांकडून मला फक्त नाव आले. माझ्या पश्चात दोन्ही केसरची, आणि तिच्यामागे मुलगा रघू याची. पोस्टातली शिल्लक केसरची. तिने ती कशावर उडवली हे रघूने विचारू नये.

२. हत्यारांची पेटी पुतण्या सदू याला. तो रेवसच्या लाँचीवर आहे. इंजिनाचे दुखणे आधी कानाने ऐकावे, मग पान्हा उचलावा, हे त्याला सांगून झाले आहे. पेटी देताना पुन्हा सांगावे.

३. कुंपणावरून शेजारी श्री. मार्तंडपंत जोशी यांच्याकडे झुकलेल्या माडाचे नारळ ते आजवर न विचारता घेत आले. पुढेही घ्यावेत. मी रीतसर परवानगी देत आहे; त्यामुळे नारळांना पूर्वीची गोडी राहील असे वाटत नाही.

४. ज्यासाठी हा कागद केला ते कलम हे. घराची पश्चिमेची खोली श्रीमती नीराबाई महादेव तोडणकर यांना, त्या हयात असेतोवर, राहण्यास द्यावी. ती भाड्याने देऊ नये, तिच्यात सुपारी साठवू नये, आणि त्यांना तिथून कोणी उठवू नये.

नीराबाई कोण, हे गावाने आपल्या परीने ठरवण्याआधी मीच सांगतो. मूळच्या हरिहरेश्वरच्या. नवरा तिकडे रेल्वेत, म्हणून मोंबाशाला गेल्या. तो तापाने वारला, सासरचे दार मिटले, तेव्हा त्यांनी तिथेच खानावळ काढली. आम्ही कारकून, फिटर, शिंपी, सगळे एकटे पुरुष, वर्षानुवर्षे त्यांच्या हातचे जेवलो. कोणाच्या घरून वाईट बातमी आली की बाई न विचारता भात वाढत.

त्या खानावळीची एक रीत होती. जो कायमचा देशी निघे, त्याने बोटीच्या आदल्या दिवशी स्वतः रांधायचे, आणि त्या एका दिवशी बाईंनी पंगतीत बसायचे. जेवणे झाली की जाणाऱ्याने म्हणायचे, "बाई, आता पुढचं जेवण आमच्या घरी." त्या हसत. "तुमच्या बायका मला उंबरा ओलांडू देतील का रे?"

सत्तावन्न साली माझी पाळी आली. कालवण खारट झाले, भात खाली लागला. बाईंनी ताट चाटूनपुसून संपवले आणि म्हणाल्या, "तुळशीराम, गावी गेलास की चुलीकडे फिरकू नकोस हो. केसरचा संसार मोडशील." निघताना ते वाक्य मीही म्हणालो. धक्क्यावर त्या कोणालाच पोचवायला येत नसत. दुपारच्या भाकऱ्या कोण भाजणार, म्हणत.

गेल्या महिन्यात खानावळीतला सोबती दत्तात्रेय मोंबाशाहून परत आला. आमच्यातला तो शेवटचा. तिकडे राज्य बदलले, आपली माणसे पांगली, खानावळीत जेवायला कोणी उरले नाही. लवकरच बाईही निघणार.

"कोणाकडे?" मी विचारले.

"कोणाकडेच नाही. मुंबईत एखादी धर्मशाळा बघीन म्हणतात. मी आपल्या दोघातिघांना विचारलं. एकाची जागा लहान, एकाच्या बायकोला दमा."

"आणि तू?"

तो चहा पीत राहिला.

मी बाईंना या म्हणून कळवले आहे. पण माझ्या छातीची हमी डॉक्टर देत नाहीत. बोट लागण्याआधी मी गेलो, तर त्यांनी कोणाच्या दारात उभे राहायचे?

परवा रघू आणि सूनबाई नलू ओटीवर हळू बोलत होती. हळू म्हणजे त्यांच्या समजुतीने. "गावात विचारलं तर बाबांची कोण म्हणून सांगायची?" रघू म्हणाला. केसरने माजघरातून उत्तर दिले, "माजी नणंद हाय म्हणून सांग. तिच्या हातचं जेवला म्हणून ह्यो माणूस जिता परत आला. आन् मला भांडायला बरोबरीचं कोन न्हाय या घरात." रघू उठून वाडीत निघून गेला. त्याच्या त्या उठून जाण्यामुळेच हा कागद साक्षीदारांसमोर करावा लागला.

५. बाईंची बोट लागेल तेव्हा धक्क्यावर कोणीतरी उभे असावे. मी नसलो तर रघूने जावे. सामान त्याने उचलावे. किती दिवस राहणार, असे त्यांना कोणी कधीही विचारू नये.

हे सर्व मी मोठ्याने वाचून दाखवले आणि सहीसाठी टाक उचलला. तेवढ्यात रघू दारातून म्हणाला, "थांबा, बाबा. पश्चिमेच्या खोलीत पावसाची झड आत येते. म्हातारं माणूस तिथं झोपणार कसं? पूर्वेची लिहा."

पूर्वेची खोली रघू आणि नलूची आहे. मी नलूकडे पाहिले.

"माझी ट्रंक मी सकाळीच हलवली," ती म्हणाली.

सबब कलम चारमधील "पश्चिमेची" हा शब्द रद्द समजून त्या जागी "पूर्वेची" असा वाचावा. हा बदल माझ्या खुशीने केला आहे.

मुक्काम नागाव, तारीख ८ मार्च १९६४.

सही: तुळशीराम भिवा राऊत

साक्षीदार:
मार्तंड केशव जोशी (कलम तीनवर हरकत नोंदवून)
दत्तात्रेय विश्राम पाटील (धक्क्यावर रघूबरोबर मीही जाईन)