भिंतीवरच्या सिस्टरचं जेवण

तुमसर

ती. गिरजाताई,

तुळसाचा वाकून नमस्कार (तुले गुडघ्यापायी वाकता येत नाही, म्हणून तुझ्या वाट्याचं मीच वाकली). भाऊजी बरे असतील. नर्सची नोकरी सोडल्यापासून तू खाटेवर बसून वरणातले खडे शोधत राहते, असं तुझी सून रेणू सांगत होती. बिचारी रडकुंडीले आली आहे.

तुले माहीतच आहे, आमच्या वॉर्डात भिंतीवर पडदा बसवला अन् त्यात नागपूरची उर्वशी सिस्टर दिसते. पेशंटले गोळ्या समजावणं, कागदं भरणं, सारं ती तिथूनच करते. तू म्हणाली होती, हे कॅमेऱ्याचं लफडं आपल्यावर नजर ठेवायले आहे, उद्या नोकरी खाईल. म्हणून मी तू दिलेला टॉवेलच त्याच्या तोंडावर टाकला. लाईट गेली समजून उर्वशीनं तक्रार केली. मिस्त्री आला, टॉवेल सोडून सारं तपासलं, अन् साऱ्या वॉर्डाचे पंखे बंद करून गेला! शिव्या मात्र मले. सोमवारी आम्हा सिस्टरांचं मत घेणार होते. आम्ही नको म्हटलं, की पडदा दुसऱ्या दवाखान्यात. नको म्हणणाऱ्यांची पुढारी मीच.

तेवढ्यात आंबागडची चंद्रभागाबाई शुगरपायी भरती झाली. तिले इन्सुलिन दिलं, ताट ठेवलं, पण बाई घास घेईना. काहून? तर म्हणे, समोर ही पोरगी उपाशी बसली, मी कशी जेवू? (अन् इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते, हे तुले सांगायले नको.) खाट फिरवली, तर मान वळवून पाहे. शेवटी उर्वशीनं आपला डबा उघडला, म्हणाली, घ्या आजी, मीही बसते. मग दोघी जेवल्या अन् बोलता बोलता आजीनं सांगून टाकलं, की घरी ती चक्कर आली तरच गोळी घेते. मी हेच विचारून थकली होती, पण माझा एक पाय नेहमी दुसऱ्या खाटेकडं. उर्वशी निवांत समजावत बसली, अन् मी डबा खायले गेली. घरून आपण कोणती भाजी आणतो हे मले पहिल्यांदा कळलं, माय!

सोमवारी पहिला हात मीच वर केला. अटी घातल्या: वॉर्डातली एकही सिस्टर कमी करायची नाही, अंग पुसताना पडदा झाकायचा, अन् पडद्यावर वॉर्डात चपला झिजवलेलीच बाई पाहिजे. दवाखान्याचे आमचे मोठे डॉक्टर, धनंजय साहेब, हो म्हणाले. ताई, किती दिवसांनी वाटून राहिलं, की हे काम आपल्याच्यानं निभते.

तुझी,
तुळसा

ता. क. टॉवेल धुऊन ठेवला आहे.

ता. क. पडद्यावर उर्वशीच्या जोडीले इकडची एक सिस्टर पाहिजे. काम बसून आहे, गुडघ्याले तरास नाही. मी तुझं नाव देऊन टाकलं. रागावू नको. शुक्रवारच्या एसटीनं ये. रेणूनं तर पिशवीही भरून ठेवली.

ता. क. डबा आणजो. तू उपाशी दिसली तर इथं कोणी जेवणार नाही.