सील न तुटलेला माल

दि. ४ नोव्हेंबर

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण गेला आठवडा मी एका विधवा बाईंच्या माळ्यावर काढला. त्यांचे यजमान लढाईत लष्कराची लॉरी चालवायचे. पत्र्याच्या ट्रंकेत एक लोखंडी टोप, कापडी खोळीसकट दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक होकायंत्र निघालं. बाई सगळं भंगारात द्यायला निघाल्या होत्या. मी होकायंत्राची काच पुसून त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ते पदरात धरूनच ठेवलं. मग काय, टोप आणि बाटल्या घेऊन घरी आलो. असा धंदा केल्यावर दुकानाला दुसरा मजला कधी चढायचा, असं ही विचारते.

बटणवाले मास्तर अजून त्यांच्या त्याच एका पलटणीच्या बटणामागे आहेत. बाजारात खोटा माल फार आलाय. नवे टोप महिनाभर ओल्या मातीत पुरून गंजवतात आणि लढाईतले म्हणून विकतात. मी आतल्या पट्ट्याची शिवण बघतो आणि गप्प बसतो.

एक नवीन गिऱ्हाईक लागलंय. सगळे त्यांना कर्नल म्हणतात. सैन्यात कधी होते का, देव जाणे. टोप, बिल्ले, दुर्बिणी यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. सील न तुटलेला माल हवा म्हणतात, आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसलं तरी हरकत नाही. इकडच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचा म्हातारा पहारेकरी माझ्या ओळखीचा आहे. तो सांगतो की लढाईच्या दिवसांत मागची वखार लष्कराने घेतली होती आणि जाताना तिथला एक कोपरा विटांनी बुजवून टाकला. बघू, काय हाती लागतं ते.

खारू मजेत आहे. नवव्या वर्षी पोरगी डब्यावरचा शिक्का वाचून सन सांगते. भावोजींना म्हणावं, तुमच्या जुन्या खात्याची लक्तरं मी दुकानात टांगून ठेवली आहेत, बघायला या.

मोठ्यांना नमस्कार पोचवावा, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा


दि. १२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. लक्तरांपर्यंत हे हसत होते. बुजवलेल्या कोपऱ्याचं पुन्हा वाच म्हणाले. मी वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

तुला माहीत आहे, दारूगोळ्याच्या कोठारात तीस वर्षं काढूनही हे तिथला चकार शब्द घरात काढत नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं कशी गेली तेही मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या मित्राकडून. त्या दिवशी मात्र आपणहून बोलले. म्हणाले, लष्कर जे विसरून जातं ते भंगार असतं. जे विटा लावून बुजवतं ते विसरलेलं नसतं. भिंत फोडू नकोस, आणि आत काही बंद डबे दिसलेच तर हात लावू नकोस, असं तुला आजच्या आज लिहायला सांगितलं आहे. आणि तो कर्नल कोण, कुठला, राहतो कुठे, याची चौकशी कर म्हणतात.

मला यातलं काही कळत नाही. पण लहानपणी विहिरीत वाकून बघतानाही तुझ्या सदऱ्याचं टोक माझ्याच मुठीत असायचं. आता इतक्या लांबून कुठे धरू? पोरीचा बाप झालास, जरा जपून.

सगळ्यांना आशीर्वाद. रागावू नकोस, रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
ताई


दि. २१ नोव्हेंबर

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं, पण भिंत त्याच्या आदल्या दिवशीच फुटली होती. खोटं कशाला सांगू, पत्र आधी आलं असतं तरी मी थांबलो असतो असं नाही.

विटांमागे एक लाकडी खोका होता. आत भुशात आठ राखाडी नळकांडी, कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढी लांब, प्रत्येकावर पिवळा पट्टा. सील जसंच्या तसं. पंधरा वर्षांच्या धंद्यात असा अनाघ्रात माल मी पाहिला नव्हता. दोन आज सकाळी दाखवायला म्हणून पोत्यात गुंडाळून दुकानात आणली. एक सांध्याशी किंचित पाझरतं, तेलकट. मी फडक्याने पुसून घेतलं. दुकानभर लसणासारखा वास सुटलाय. मी हिला विचारलं, तर म्हणते घरात लसूणच नाही.

दुपारी कर्नल आले. दारातच थबकले, आत पाऊल टाकलं नाही. पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना. एकूण किती आहेत, कुठे आहेत आणि आणखी कोणी पाहिली, एवढंच विचारलं. मी पहारेकऱ्याचं नाव सांगितलं. उरलेली ते स्वतः गाडी घेऊन उचलणार आहेत.

भावोजींना म्हणावं, हात लावला आणि अजून धडधाकट आहे. डोळे तेवढे चुरचुरताहेत, भुशाची धूळ असेल.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
धाकटा


दि. २३ नोव्हेंबर

ति. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण ह्यांना लिहिता येत नाही. परवा संध्याकाळपासून डोळे सुजून मिटले. काल सकाळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फोड आले, लिंबाएवढे. डॉक्टरांनी विचारलं, उकळतं पाणी सांडलं का. मी नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. आता इस्पितळात ठेवलं आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, आवाज बसला आहे.

खारू त्या दिवशी शाळेतून थेट मैत्रिणीकडे गेली होती म्हणून वाचली, असं मी मनाशी म्हणते. कशापासून वाचली ते मला सांगता येत नाही. ती दोन नळकांडी अजून दुकानात आहेत. मी दाराला कुलूप घातलं आहे आणि आम्ही दोघी शेजारी राहतो आहोत. भावोजींना शक्य तितक्या लवकर पाठवा. तुमच्याशिवाय हे मी कोणाला सांगू?

आपली,
धाकटी भावजय


दि. २८ नोव्हेंबर

सौ. हिस,
आशीर्वाद.

पोचलो. मला पत्र लिहिता येत नाही, तरी तुला धीर निघणार नाही म्हणून लिहितो.

जे मनात होतं तेच निघालं. ते भंगार नव्हे, लढाईतला विषारी वायू आहे. माणसाला लगेच कळत नाही, हेच त्याचं वाईट. लष्कराचे लोक बोलावले, त्यांनी दोन्ही नळकांडी बंदोबस्तात नेली आणि दुकान मोहोरबंद केलं. धाकट्याचा उजवा डोळा वाचेल. डाव्याबद्दल डॉक्टर बोलत नाहीत.

लष्कराच्या लोकांबरोबर मी वखारीत गेलो. खोका नाही. उरलेली सहाही नाहीत. जमिनीवर जड गाडीच्या चाकांचे ताजे माग आहेत. पहारेकऱ्याच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे. खिडकीतून बघितलं तर ताटात अर्धं जेवण आणि भिंतीला टेकलेली त्याची काठी. काठीशिवाय त्याला चार पावलं चालता येत नाही, असं शेजारी सांगतात. दुकानाच्या वहीत कर्नलने दिलेला पत्ता होता, तिथे मोकळा भूखंड आहे.

अधिकारी रोज धाकट्याला विचारतात, हा कर्नल कोण, दिसतो कसा, माल कशाला हवा होता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. भिंत परवानगीशिवाय फोडली म्हणून तुरुंगाला भितो, असं मला आधी वाटलं. आता तसं वाटत नाही. तो दुसऱ्याच कशाला तरी भितो आहे.

काळजी करू नकोस म्हणणं खोटं होईल. जेवत जा.


दि. ४ डिसेंबर

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर हिचं आहे, शब्द माझे. लिहिताना हिने दोनदा लेखणी खाली ठेवली.

भावोजी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भेटीच्या वेळात, माझ्या खाटेशी कोणीतरी खुर्ची ओढून बसलं. पट्टीमुळे दिसत नव्हतं. मला वाटलं भावोजी. मग आवाज ऐकला. कर्नल अगदी घरच्यासारखे बोलले. सहाही नीट पोचली म्हणाले. दोन लष्कराकडे गेली याचं वाईट वाटलं म्हणाले. पहारेकऱ्याचं विचारलं तर म्हणाले, तो आता परत यायचा नाही. मग खारूचा विषय काढला. पोर हुशार आहे, कालव्याच्या काठाने एकटीच घरी येते, वाटेत दगड मारत येते, असं सांगितलं. माझ्या पट्टीवर अलगद हात ठेवून, लवकर बरे व्हा, म्हणून निघून गेले.

त्यानंतर आठवडाभर मी गप्प राहिलो. गप्प राहिलो तर खारू सुखरूप राहील, असं मनाला सांगत होतो. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको सकाळी पोरांना घेऊन येते आणि ती पोरं माझ्या पायाशी खेळतात. ती सहा नळकांडी कोणाच्या तरी गावात, कोणाच्या तरी पोरांच्या पायाशी फुटणार. मी मात्र पंधरा वर्षं सील बघत आलो, घेणाऱ्याकडे कधी नीट बघितलंच नाही. भावोजींना आज सगळं सांगितलं. ते माझा हात त्यांच्या तीन बोटांत धरून बसले.

उद्या पहाटेच्या गाडीने ते खारूला घेऊन तुझ्याकडे निघतील, हे पत्रही त्यांच्याच खिशात असेल. ही इथे माझ्यापाशीच थांबणार, कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. खारूला सुट्टीत आत्याकडे चाललोय एवढंच माहीत आहे. तिथल्या शाळेत दुसऱ्या आडनावाने घाल. ती ‘का’ विचारेल. तिला पटेल असं काहीतरी तुलाच सुचेल.

परवा दहाला उजव्या डोळ्याची पट्टी सोडणार आहेत. अकराला अधिकारी येणार आहेत, तेव्हा मी सगळं सांगेन, माझ्या गुन्ह्यासकट. मधला तासभर दिसलं तर खिडकीबाहेर बघेन. तोवर ती तुझ्या दारात पोचलेली असेल.

माझ्यावर तुझा लोभ आहेच. आता तो सगळा तिच्याकडे वळव.

तुझा,
धाकटा