पडद्यावरचा खून आणि कोठडीतला भरमू

प्रति,
मेहेरबान तालुका मॅजिस्ट्रेट साहेब,
सध्या मुक्काम प्रवासी बंगला, गुंजी, जिल्हा बेळगाव

विषय : न झालेल्या खुनाच्या आरोपातून कॉलेज विद्यार्थी भरमू यास सोडणे, निदान बुटांची जुळवणी तरी तहकूब करणे.

संदर्भ : फौजदारसाहेबांचा तोंडी हुकूम, 'सिनेमाचा उरलेला भाग ताबडतोब हजर करा.'

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार बेळगावात कॉलेजात शिकतो. वडील वकील आहेत. त्यांना हा अर्ज दाखवलेला नाही, सबब भाषेत कमीजास्त असल्यास माफी असावी. आम्ही मित्रांनी नाताळच्या सुट्टीनंतर भरमूच्या गावी, गुंजी स्टेशनच्या आसपास, एका रहस्यपटाची सुरुवात चित्रित केली. नुसती सुरुवातच, कारण फिल्म तेवढीच होती.

२. रहस्यपट कसा सुरू व्हावा याचे ठरीव नियम आहेत. ते आम्ही कॅम्पातल्या थिएटरात इंग्रजी चित्रे पाहून पाठ केले. आधी आगगाडी. मग माणूस यायच्या आत त्याची सावली. मरणाऱ्याचे तोंड दाखवायचे, मारणाऱ्याचे कदापि नाही; त्याचे फक्त बूट. सुरा एकदाच चमकावा. आणि खून का झाला हे प्रेक्षकाला कळता कामा नये. हा शेवटचा नियम आम्ही इतक्या कसोशीने पाळला की खून का झाला हे आम्हालाही ठाऊक नाही.

३. म्हणून उरलेला भाग हजर करता येत नाही. तो सुचलेलाच नाही. फौजदारसाहेब म्हणतात, तो लपवला आहे. आमचा मित्र गोपाळ याच्या मते खून इस्टेटीवरून व्हावा, अर्जदाराच्या मते बाईवरून. हा आमचा वाद ऐकून फौजदारसाहेबांनी दोन्ही कारणे जबानीत लिहून घेतली.

४. सदर खून भर दुपारी झाला, कारण रात्र दाखवायची होती आणि आमच्या कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही. काचेपुढे रंगीत कागद धरला की दुपारची रात्र होते. सारा गाव बघायला लोटला होता. मेलेला इसम म्हणजे भरमूचा चुलतभाऊ नागोजी; सुरा धरलेला हात भरमूचा, बुटांतले पाय गोपाळचे. रक्त आमसुलाचे होते. मयत मधूनच उठून तंबाखू मागत होता.

५. खरे संकट यानंतरचे. नागोजीच्या आईने, अक्काताईने, आकांत मांडला. तिचे शब्द जसेच्या तसे : "जित्या माणसानं मढ्याचं सोंग घेतलं. आता खरं मराण त्येला हुडकत येनार, बघा!" गावाने रवळनाथाला कौल लावला. देवाने उजवे फूल दिले, म्हणजे तिचे म्हणणे खरे ठरले. उपाय असा निघाला की येत्या अमावास्येपर्यंत नागोजीने गावाला तोंड दाखवू नये आणि तो कुठे आहे हे कुणी बोलू नये, म्हणजे मरण आले तरी पत्ता न लागून परत जाईल. अर्जदारालाही देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागली. नागोजी धडधाकट आहे, भाकरी खातो आहे, एवढे लिहितो. कुठे, हे लिहिले तर शपथ मोडते आणि न लिहिले तर भरमू सुटत नाही. साहेब, जीव मेटाकुटीला आला आहे.

६. चित्र कोल्हापुराहून धुऊन आणून कॉलेजच्या संमेलनात दाखवले. फौजदारसाहेब पाहुणे म्हणून हजर होते व चित्र त्यांना फार आवडले. मयत कसा आहे हे विचारायला ते कौतुकाने गावात गेले, तो सारा गाव खाली मान घालून गप्प! तेव्हा त्यांनी दरडावून विचारले, नागोजीला मारले कुणी? आता भरमू आधीच आमच्यावर रुसला होता. त्याचे अख्खे घर गाडीने बेळगावला चित्र बघायला आले, आणि पडद्यावर त्याचे तोंडच नाही. तो छाती पुढे काढून म्हणाला, "म्या मारला, सायेब. ह्येनी माझं त्वांड दावलं न्हाय, पर हात माझाच हाय. आईची आन!" जबाबाखाली सहीसुद्धा त्याने हौसेने, ठळक केली.

७. भरमूची आई जयाबाई चावडीपुढे बसून आहे. लेकाची भाकरी फडक्यात बांधून आणते. अर्जदार दिसला की म्हणते, "वकिलाच्या पोरा, हसत घिऊन गेलतास त्येला. तसाच आणून दे." मला तिच्याकडे बघवत नाही. तोंड दाखवायचे नाही हा हट्ट माझा होता, भरमू सारखा म्हणत होता, "एकदा तरी दाव की रं." दाखवले असते तर काय बिघडले असते?

८. आता फौजदारसाहेबांच्या नजरेस आले आहे की भरमूने जन्मात बूट घातलेले नाहीत. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की बुटाचा मालक हाच खरा सूत्रधार, भरमू त्याचे हत्यार. चित्रात डाव्या टाचेचा लोखंडी नाल अर्धा तुटलेला स्वच्छ दिसतो. उद्यापासून तालुक्यातला प्रत्येक बूट त्याच्याशी जुळवून पाहायचा आहे. "मालक कितीही मोठा असो, बेड्या ठोकणार," असे त्यांनी चावडीत जाहीर केले आहे, आणि ते शब्दाचे पक्के आहेत.

९. ते बूट आम्ही स्टेशनजवळ जोडे शिवणाऱ्या मष्णूकडून दुपारपुरते मागून घेतले होते. नाल बदलायला म्हणून एका सरकारी पट्टेवाल्याने ते त्याच्याकडे टाकले होते. नाल मिळाला नाही म्हणून तसेच परत गेले. मालक कोण, हे मष्णू सांगेना. काल अर्जदार बंगल्यावर भरमूसाठी रदबदली करायला आला. आपण खुर्चीत बसून रागावत होता, अर्जदार रीतीप्रमाणे मान खाली घालून उभा होता. त्या वेळी मालक कळले.

१०. सदर गोष्ट अर्जदाराने अद्याप कुणास सांगितलेली नाही. फौजदारसाहेब विचारतील तर मात्र खोटे बोलता येणार नाही. तरी मेहेरबानांनी भरमूस आजच जयाबाईच्या हवाली करावे. अमावास्या झाल्यावर मयत स्वतः कचेरीत हजर होईल.

भरमू घरी पोचेपर्यंत आपला नम्र,
चिंतामणी श्रीपाद देसूरकर
ता. २९ जानेवारी १९४०

सोबत :
१. अक्काताईचे म्हणणे, अंगठ्यासह.
२. चित्रातील डाव्या टाचेचा फोटो. मूळ बूट साहेबांच्या पायांत असल्याने जोडलेला नाही.