कमरेसाठी घेतलेली गाडी

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आली एकदाची! दुकानासमोर आडवी लावली आहे. बियाणं-खत घ्यायला येणाऱ्यांनी आता बॉनेटवरून उडी मारायची की काय! पांढरी, लांबलचक, परदेशी कंपनीची. ह्यांनी चाकाखाली लिंबं चिरडली, मी ओवाळलं. वाकताना कमरेत कळ आली ती अजून आहे.

"तुझ्या कमरेसाठीच घेतली, माला. आता अंबडला आईकडं जायचं तं झोपून जाय." चार माणसांत म्हणाले. असलं काही ते चार माणसांतच म्हणतात.

संक्रांतीनंतर माझ्या मणक्याची गादी सरकली, तेव्हापासून आईला पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी बजावलं, धक्के खायचे नाहीत. त्याआधी महिन्यातून एकदा तरी जायचे — मंठ्याहून एसटी, जालन्याला गाडी बदलायची, पुढे अंबड. तर हे खरं बोलले असतील, मला आईकडे नेणार असतील, तर ह्या गाडीचे शंभर अपराध माफ.

२ मे

सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही! "चामडं खराब होतंय." ह्या उन्हात! पाठ चिकटते, मान चिकटते, उठताना चर्र आवाज येतो. आरामासाठी गाडी आणली आणि आरामाला हात लावायचा नाही. वर कसलासा मोगऱ्याचा सेंट टांगला आहे — डोकं भणभणलं. मळमळ अजून बसलेली नाही.

आणि मुलगी बघायला यावं तसे लोक गाडी बघायला येत आहेत. एकेक जण आत बसतो, दार लावून घेतो, एसीची हवा खातो, बाहेर येऊन म्हणतो, "सोफा हाय शेठ, सोफा!" मग चहा. चहा कोण करतं? जिच्या कमरेसाठी गाडी घेतली ती.

४ मे

भावजयीचा फोन. सुमेधा उगाच घाबरणाऱ्यातली नाही, पण आज आवाज वेगळा होता. "ताई, आईला माणसं वळखू येईनात. काल ह्यांनाच पोस्टमन समजून पत्र मागून राह्यल्या व्हत्या. तुमचं नाव मात्र रोज घेत्यात. जल्दी या."

स्वतःच्या मुलाला, हरिओमला, पोस्टमन!

ह्यांना सांगितलं. "जाऊ की. पण पहिली फेरी राजूरच्या गणपतीला. देवाच्या आधी सासुरवाडी केली तं लोक हसतील."

७ मे

राजूर झालं. आता खरं लिहायचं, इथे तरी.

गाडी चांगली आहे. चांगली म्हणजे फार चांगली. रस्ता खाली आहे हेच कळत नाही. खड्डा दिसतो, आता कळ येणार म्हणून मी दात आवळते — आणि काहीच नाही! मागची सीट बटणाने आडवी होते, पायांना गार हवा लागते, बाहेरचा ट्रक तोंड वासतो पण ऐकू येत नाही. कित्येक महिन्यांनी बसल्या जागी झोप लागली, प्लास्टिकवरसुद्धा.

वाईट काय? बसायला इतकी खोल की पोतं टाकावं तसं अंग टाकायचं. उतरताना दोघांनी ओढायचं. देवळासमोर एका हाताला हे, दुसऱ्याला नारळवाली. वळणावर होडीसारखी झुलते. पोट इतकं खाली की गतिरोधक दिसला की ह्यांचा जीव वर. जुन्या जालन्यात न्यायची सोय नाही, गल्लीत बुचासारखी अडकेल.

एवढ्या वाईटासकट मला चालली असती. मला फक्त अंबडला जायचं आहे.

११ मे

ह्यांचा चुलतभाऊ कल्याण आला. मुलाचं लग्न. "दादा, नवरदेवाची गाडी तुमचीच पाहिजे बरं का!" नाही म्हणायची सोयच नाही, भावकी आहे. ह्यांची तर छाती फुगली. मी म्हटलं, बुधवारी अंबडचं ठरलं होतं ना?

"आई कुठं पळून चालली का?"

हो. पळूनच चालली आहे. रोज थोडी थोडी. पण हे ह्यांना कोण सांगणार.

१५ मे

शी! शी! शी!

गाडी परत आली. दारावर वरपासून खालपर्यंत गुटख्याची पिचकारी — धावत्या गाडीतून थुंकलेली, मागे ओघळत गेलेली. एसीच्या जाळीत अक्षता. बॉनेटवर हारांच्या चिकटपट्टीचा चिकटा, त्यावर धूळ, धुळीवर माश्या. मागच्या सीटखाली मला अर्धी खाल्लेली जिलबी सापडली, मुंग्यांसकट. आणि हे काय म्हणाले? "पाह्यलं? प्लास्टिक ठेवलं म्हणून वाचली!"

मला ह्या माणसाच्या आनंदाची किळस आली. असं लिहू नये. लिहिलं.

१६ मे

आणखी दोन नवरदेव. हे दोघांना हो म्हणाले.

१९ मे

आज मीच उठले. पिशवी भरली, कमरेचा पट्टा आवळला, उशी घेतली. एसटीत पुढची सीट धरायची, वाटेत जालन्याला आडवं व्हायचं, काय होईल ते होवो. अंगणातून बाहेर पडले तर हे दुकानातून धावत आले.

"कुठं चालली?"

"आईकडं. एसटीनं."

"येडी झाली का? दारात एवढी गाडी असून बायको एसटीत! पुऱ्या मंठ्यात तोंड दाखवायची सोय ठेवशील का न्हाई?"

गिऱ्हाईकं बघत होती. मी परत आत आले, पिशवी रिकामी केली.

गाडी नव्हती तेव्हा कंबर जाऊ देत नव्हती. आता गाडीच जाऊ देत नाही. हसावं का? मी पण आज्ञाधारक गाईसारखी परत फिरले — स्वतःचाही वीट आला.

२० मे

सुमेधाचा फोन. आई तुमचं नाव घेते, पण तुम्ही लहान आहात असं समजते. शाळेतून आली का म्हणून विचारते.

२४ मे

तिसऱ्या लग्नाला गाडीत सातजण कोंबले. गतिरोधकावर पोट घासलं, तेल गळायला लागलं. संभाजीनगरला ओढून नेली. सामान बाहेरून यायचं आहे, वाट बघा म्हणतात.

हे जेवले नाहीत. आईला माणसं ओळखू येईनात हे कळलं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या होत्या. गाडीच्या खाली ओरखडा आला तर घास उतरेना. मला ताट उचलताना इतका तिटकारा आला की भांडं आपटलंच. "काय झालं?" म्हणे. काही नाही. हातातून सुटलं.

१ जून

गाडी नाही. पण एसटीचं नाव काढायचं नाही — "लोक म्हनतील, गाडी ईकली वाटतं."

९ जून

गाडी आली. पुसली, ओवाळली — मी नाही, ह्यांनीच. मी फक्त एवढंच म्हटलं, "ह्या गुरुवारी नेलं न्हाई तर मी चालत जाईन. रस्त्याच्या मधून. हातात पिशवी घेऊन, समद्यांना सांगत."

लोकांचं नाव काढलं की हे वठणीवर येतात. नेतो म्हणाले.

१२ जून, अंबड

पोचले! वाटेत एकदाही कळ आली नाही. गाडीचं देणं लागत असेन तर ते एवढंच.

गल्लीत गाडी शिरेना. तोंडाशी लावली, तिथून चालत गेले. आई ओसरीवर बाजेवर. वाळून एवढीशी झाली आहे. मला बघून घाईघाईने उठली, पदर डोक्यावर घेतला.

"या बाई, बसा. कोनाकडं आल्या?"

"आई, मी माला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीकडे. मान हलवली. "माला एसटीनं येती. जालन्याला गाडी बदलती. यील आता. तुमी च्या घ्या." आणि उंबऱ्यात जाऊन बसली, स्टँडच्या वाटेकडे तोंड करून.

आईने मला "तुम्ही" म्हटलं.

हे कानाशी आले. "म्हातारपण हाय, मनावर घेऊ नको. पण गाडीत तरास न्हाई ना झाला? सांग नं हरिओमला, कसं पाण्यावानी आलो!"

मी तोंड फिरवलं. पेरणीचे दिवस, दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून संध्याकाळच्या आत हे परत गेले. बरं झालं. आणखी थोडा वेळ थांबले असते तर मी सगळ्यांसमोर काहीतरी बोलले असते. आई अंधार पडेपर्यंत उंबऱ्यातून उठली नाही.

१३ जून

सकाळी मागच्या दाराने निघाले. रिक्षाने स्टँडवर गेले. पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला आणि तिथून पायी परत आले. कंबर बोंबलत होती, बोंबलू दे.

आई उंबऱ्यातच होती. मला लांबून पाहिलं, भिंतीला धरून उठली.

"आली व्हय गं माले! गाडी लई लेट केली आज."

"हो आई. जालन्याला खोळंबले होते."