मशीनच्या शंका

४ सप्टें. २०१७, सोम.
ऑफिसात नवं मशीन आलं. जहाजांवरच्या जपानी सूचना आता तेच बोलणार. माझी कार्डं त्याला शिकवायची. ओरि (घडी) + कामि (कागद) = ओरिगामि. जोडशब्दात क चा ग, ह चा ब कधी होतो, कधी नाही, याची अकरा वर्षांची कार्डं. डिग्री नाही, क्लास नाही. एकेक कार्ड स्वतः तपासलेलं. मॅनेजर लिम म्हणाली, अडेल तिथे ते तुम्हालाच विचारेल. बरं वाटलं.

७ सप्टें.
मशीनच्या शंकांचा पहिला कागद. ४३. सगळ्या बाळबोध. लाल पेनने दुरुस्त करून, सही करून दिल्या.

१५ सप्टें.
शंका १९. चांगल्या आहेत. एक तर मलाही पडली होती, पाचव्या वर्षी.

२० सप्टें., बुध.
इथे राहून काम करायचा पास ३१ ऑक्टो.ला संपतो. रिन्यूअलचं विचारलं. लिम म्हणाली, शंका किती उरतात ते बघू.
जेवताना घरी सांगितलं. मिहिका ताटावरून मान वर न करता, इथल्या मुलांच्या इंग्रजीत, "बाबा, इट्स लर्निंग फ्रॉम यू, लाह. यू टीच सो वेल फॉर व्हॉट?" बायकोने, सु.ने, तिच्यावर डोळे वटारले.

२९ सप्टें.
शंका ४. ओकादा-सान, निवृत्त बोटवाले, दर बुधवारी येऊन माझे शब्द कानाने तपासायचे. त्यांचं येणं बंद केलंय. मला सांगितलं नाही कुणी. पँट्रीतला त्यांचा कप दिसला नाही म्हणून कळलं.

९ ऑक्टो., सोम.
शंका १. दोराची शिडी. नावा (दोर) + हाशिगो (शिडी). माझं कार्ड: हाशिगोत पुढे ग आहे, सबब ह चा ब होत नाही. मशीन म्हणतं, नावाबाशिगो.
ओकादा-सानना फोन केला. "बाशिगोच. बोटीवर जन्म गेला माझा." मग म्हणाले, "पाटणकर-सान, हा शब्द तुम्ही मला कधी विचारला नाहीत."
नव्हता विचारला. नियमावर भरवसा ठेवून लिहिला होता. असे आणखी किती?

१० ऑक्टो., मंगळ.
कागदावर दोन चौकोन: मशीन, कार्ड. एकावर खूण, खाली सही. कार्डावर केली तर मशीन पुन्हा अडखळेल, शंका वाढतील, मी लागेन.
सकाळी सु.ने विचारलं, पुण्याची तिकिटं एकेरी काढू की परतीची? संध्याकाळी सांगतो म्हटलं.
लिमला कागद एक वाजेपर्यंत हवाय. पावणेएक. कॉरिडॉरमध्ये तिच्या सँडल वाजताहेत. पेनचं टोपण काढून ठेवलंय.